सामाईक पानं

वाचकाने पाठवलेल्या फोटोत कमांडच्या शेवटी एक पूर्णविराम दिसत होता. तो पूर्णविराम मी सात महिन्यांपूर्वीच आमच्या पानावरून काढून टाकला होता.

ऑपरेटिंग सिस्टीम सोर्स कोडपासून स्वतः कशी बांधायची, हे सांगणाऱ्या आमच्या तीन पुस्तिका आहेत: साध्या संगणकांसाठी, लहान यंत्रांसाठी आणि जुन्या संगणकांसाठी. बहुतेक पानं तिन्हींत तीच. चूक सुधारायची तर तीन ठिकाणी, आणि तिसरं ठिकाण हमखास राहायचं. म्हणून मी सारखी पानं एकाच जागी आणली; पुस्तिकांनी ती तिथूनच घ्यायची.

जुन्या संगणकांची पुस्तिका मामांची. सगळा गट त्यांना मामाच म्हणतो. मला हे काम त्यांनीच शिकवलं. त्यांची वेगळी अशी चारच पानं उरली, तेव्हा गट म्हणाला, ती पुस्तिका बंद करायची का, तूच ठरव. मामा म्हणाले, "सामाईक पानं मी जोडतो, पण पुस्तिका राहू दे गं." पुढे 'जोडली' असंही सांगितलं. आठ महिने मी काही ठरवलंच नाही.

आता त्या वाचकाची डिस्क पुसली गेली होती. अकरा वर्षांचे फोटो. जुन्या पानावरच्या कमांडमध्ये डिस्कचं एकच ठरावीक नाव लिहिलेलं होतं, त्या नावाची डिस्क सरळ पुसली जायची; नव्यावर मी 'आधी आपली डिस्क तपासा' असं लिहिलं होतं.

मी मामांची फाइल उघडली. जोडलेलं काहीच नव्हतं. सामाईक पानांच्या जागी सगळ्या जुन्या नकला.

मामा चहा ढवळत होते.

"मामा, तुम्ही तर 'जोडली' म्हणाला होता."

"जोडणारच होतो. पण माझं लिहिणं गिरणीत घालायचं, आणि सगळ्यांचं पीठ एकच? जुनी राहिलेली दोन-चार पानं तर आहेत."

"सतरा."

"मोजलीस! मोजणारच. शिष्या कुणाची?"

मला हसू आलं नाही. मी त्यांनी वाचकाला पाठवलेलं उत्तर वाचून दाखवलं: 'सामाईक पानं आमच्या बाईंनी केली आहेत. एकत्र करताना त्यांची चूक झाली असावी.'

केसाने गळा कापतात तो असा.

"घाईत लिहिलं गं. तुझं नाव कुठे घेतलंय?"

"आपल्याकडे बाई एकच आहे, मामा."

त्यांनी कप खाली ठेवला. "बरं, चुकलं. आठ दिवस दे, सगळं जोडतो."

"नको. तुमची चार पानं मी पहिल्या पुस्तिकेत घेतेय," मी म्हणाले. "तुमची पुस्तिका आजपासून बंद."