साक्षीदारांसमोर सहिष्णुता

त्या इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत एक नियम होता, आणि तो घालणारा माणूस कधीच वर गेलेला असल्यामुळे तो बदलायची कुणाची छाती नव्हती. शब्दाखाली उदाहरण म्हणून जे वाक्य छापायचं ते आधी प्रत्यक्ष घडलं पाहिजे, आणि कचेरीतल्या दोघांनी ते घडताना पाहिलं पाहिजे. ‘संकोचाने’ या शब्दापायी एक सहसंपादक होणाऱ्या सासऱ्याच्या दारात इतका घुटमळला की मुलीचं लग्न दुसऱ्याशी झालं. वाक्य मात्र सुरेख छापून आलं.

‘टॉलरंटली’ हे इंग्रजी क्रियाविशेषण वाट्याला आलं मशीनरावांच्या. नाव कचेरीने ठेवलेलं. खुर्चीत टेकले की त्यांचा उजवा पाय शिलाई मशीनवर असल्यासारखा सुरू होई. टेबलावरची दौत हळूहळू चालत संध्याकाळपर्यंत शेजारच्या टेबलावर पोचे. स्वतः मशीनरावांना मात्र कुणी चहाचा घोट जरा मोठ्याने घेतला तरी खपत नसे.

त्यांनी अर्थ लिहिला, ‘सहनशीलपणे.’ थोरल्या संपादकांनी तो खोडला.

“दाढ दुखते ती सहनशीलपणे सोसतात. तिथे दाढेला कोण विचारतो?”

“मग ‘खपवून घेत’ लिहू?”

“त्यात कपाळावरची आठी दिसते. हा शब्द बिनआठीचा आहे. समोरचा आपल्याला पटत नाही, तरी त्याला त्याच्यासारखं राहू द्यायचं, आणि ते त्याच्या अंगावर उपकार म्हणून टाकायचं नाही. ‘सहिष्णुतेने’ लिहा. आणि वाक्य आणा. संध्याकाळी पान छापायला जातंय.”

वाक्य नाही आलं तर शब्द गळणार, आणि ज्याचा शब्द गळला त्याची बदली मुद्रितं तपासायच्या खोलीत. त्या खोलीतला पंखा असा करकरे की तिथली कबुतरंसुद्धा जागा सोडून गेली होती. मशीनराव तडक उठले.

ते रस्त्यावर सैरावैरा फिरले. बसच्या रांगेतले लोक निमूट उभे होते, पण ते वैतागून. न्हावी गिऱ्हाइकाची बडबड ऐकून घेत होता, पण ते पैशांसाठी. पानटपरीपाशी एकजण दुसऱ्याचं मत शांतपणे ऐकतोय असं वाटलं. तो बहिरा निघाला. उन्हं कलायला लागली तशी मशीनरावांची चाल धावण्यात बदलली, आणि धावता धावताच त्यांना घर आठवलं.

घरी सासरे राहायला आले होते. घड्याळं दुरुस्त करणारे. दुकान बंद करून आले ते तिथली सगळी घड्याळं घेऊन, आणि त्यातल्या एकाचंही दुसऱ्याशी पटत नसे. दिवसभर टिकटिक, टणटण. जेवायचं टेबल त्यांनीच अडवलेलं. हे आपण दोघांदेखत सोसून दाखवू, झालं वाक्य, असं ठरवून मशीनराव थोरल्या संपादकांना आणि मुद्रितं तपासणाऱ्या बाईंना घरी घेऊन आले.

“आज पाहुणे?” बायकोने दारातच विचारलं.

“पाहुणे नाहीत, साक्षीदार आहेत. तू मध्ये बोलू नकोस.”

सासरे डोळ्याला भिंग लावून एका बारक्या घड्याळात चिमटा घालत होते. “या जावईबापू, बसा,” म्हणाले.

मशीनराव टेबलाशी बसले. चेहऱ्यावर हसू चिकटवलं. घड्याळं एकामागून एक वाजू लागली. हसू थरथरलं, कपाळाची शीर तट्ट फुगली, आणि टेबलाखाली पायाने असा वेग घेतला की भिंतीवरची तसबीर तिरकी झाली आणि शेजाऱ्यांनी दार लावून घेतलं.

“पाहिलंत?” ते दातांतून म्हणाले. “जावयाने सासऱ्यांची घड्याळं सहिष्णुतेने ऐकली.”

“नाही,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला हे फार वेळ सोसवणार नाही. फुटाल.”

थोरले संपादक मात्र सासऱ्यांच्या हाताकडे बघत होते. टेबल गदागदा हलत होतं, ताटलीतले स्क्रू नाचत होते. सासरे चिमटा उचलून थांबत, टेबल वर आलं की स्क्रू टिपत, खाली जाताना सोडत, पुन्हा वर आलं की अर्धा फेरा पिळत. कपाळावर रेघ नाही.

“तुम्हाला त्रास नाही होत?” संपादकांनी विचारलं.

“कसला? अच्छा, पायाचा. पहिल्या दिवशी दोन स्क्रू गेले. मग ठेका कळला. त्यांचा पाय आहे, त्यांना लागतो तसा.”

संपादकांनी खिशातून पेन काढलं. वाक्य झालं: ‘घड्याळजीने जावयाचा पाय सहिष्णुतेने हलू दिला.’ दोन्ही साक्षीदारांनी सह्या केल्या. शब्द ज्याचा, त्याचीही सही लागे. मशीनरावांनी कागदाकडे पाहिलं. आपल्याच घरात आपण उदाहरणातला जावई झालो हे त्यांना काही केल्या गिळवेना. पण डोळ्यांपुढे तो पंखा होता. त्यांनी सही केली, आणि सही करताना, लग्नानंतर पहिल्यांदाच, त्यांचा पाय थांबला.

टेबल स्थिर झालं. लगेच टिंग करून स्क्रू सासऱ्यांच्या चिमट्यातून उडाला आणि बाईंच्या अंबाड्यात जाऊन बसला.

सासऱ्यांनी भिंग वर केलं. “जावईबापू, पाय हलवा हो. हात बसत नाही.”

मशीनरावांनी एकदा घड्याळांकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. ती तोंडाला पदर लावून उभी होती.

त्यांनी पाय सुरू केला. “ठीक आहे का, बाबा?”

“जरा हळू,” सासरे म्हणाले. “हे घड्याळ बायकांचं आहे.”