जुन्या पत्त्यांचं दार

रुहियातला मिळण्यासारखं बरंच होतं. हातवाली खुर्ची, दारावर नावाची पाटी, आणि स्कूटर लावायला पत्र्याखालची जागा. बांडुंगच्या पावसात ऑफिसातल्या यच्चयावत स्कूटरी भिजत, पत्र्याखाली फक्त साहेबलोकांच्या मावत. शिवाय विभागप्रमुखाला रजेचा अर्ज घेऊन कोणापुढे उभं राहावं लागत नाही. आणि या सगळ्याच्या बदल्यात त्याने द्यायचं काय होतं, तर प्रोग्रामातल्या एका शून्याच्या जागी एक.

"शून्याचा एक. एवढंच ना?" पाक विर्यांनी बशीतलं तळलेलं केळं उचलत विचारलं. ते ऑफिसचे मालक, म्हणून सगळे त्यांना पाक, म्हणजे साहेब म्हणत. पन्नाशीला टेकलेला रुहियातही त्यांच्यापुढे मांडीवर हात ठेवून बसे.

"एवढंच, पाक."

"मग इतकी वर्षं का नाही केला?"

"जुनी केंद्रं होती, पाक. ती बाहेर राहिली असती."

"आता नाहीत ना जुनी? सगळ्यांना नवे मोडेम गेले. सगळ्यांनी कळवलंय, झालं म्हणून." विर्यांनी टेबलाभोवती नजर फिरवली. "काय? सियाप?"

"सियाप, पाक," सगळे म्हणाले. तयार आहे, झालंच समजा. या ऑफिसात हा शब्द श्वासासारखा बाहेर पडे. साहेबाच्या तोंडावर 'तयार नाही' म्हणणं म्हणजे त्याच्या ताटात थुंकण्यासारखं. तसं केल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. रुहियातही म्हणाला. त्याचा आवाज इतरांच्यात मिसळून गेला.

ऑफिस पांगालेंगानच्या डोंगरावरच्या दूध सोसायटीचं काम करी. गावोगाव केंद्रं, प्रत्येक केंद्रावर दूध तपासायचं मशीन. मशीन दुधातली चरबी आणि पाणी मोजायचं, मोबाइलच्या जाळ्यावरून बांडुंगच्या सर्व्हरला कळवायचं, आणि सर्व्हर उलट एक नंबर धाडायचा. तो नंबर कागदावर छापलेला दाखवला तरच टँकरवाला दूध घ्यायचा. नंबर नाही तर दूध नाही, मग ते अमृत असो.

मशीनं जिथे येऊन टकटक करत, ते सर्व्हरचं दार, म्हणजे सॉकेट, रुहियातने बांधलं होतं. इंटरनेटवरचे पत्ते दोन पिढ्यांचे: जुने आखूड, नवे लांबलचक. त्याने एकच दार केलं, नव्या पद्धतीचं, आणि त्याचा एक ऑप्शन शून्यावर ठेवला. त्या शून्यामुळे जुन्या पत्त्याची मशीनंही त्याच दारातून आत येत. नोंदीत मात्र त्यांचा पत्ता नव्या थाटात उतरे, पुढे चार एफ चिकटवून. गरीब नातेवाईक उसना कोट चढवून लग्नाला यावा तसा. आता सोसायटीचं दूध विकत घेणाऱ्या मोठ्या डेअरीला नोंदी निर्मळ हव्या होत्या. त्यांचा तपासनीस येणार होता, आणि असे उसने कोट दिसले तर नाक मुरडणार होता.

मीटिंग संपल्यावर निनिंग त्याच्या टेबलाशी येऊन टेकली. प्रोग्राम तपासायचं काम तिचं, आणि जमेल तसं माणसं तपासायचंही. ती त्याला कांग, म्हणजे दादा म्हणे, तो तिला तेह, म्हणजे ताई.

"कांग रुहियात, एक चार-एफवाला अजून येतोय. रोज सकाळ-संध्याकाळ. पासिर कोनेंगचं केंद्र."

"माहितीये."

"तुमचंच गाव ना?"

"भाऊ चालवतो केंद्र. थोरला."

"मग मीटिंगमध्ये तोंडात काय होतं, केळं?"

"तू का नाही बोललीस, तेह?"

"मला कुठे खुर्ची मिळतेय," निनिंग म्हणाली, आणि त्याच्या बशीतलं उरलेलं केळं घेऊन गेली.

दुपारी रुहियातने भावाला फोन लावला. मागून बादल्यांचा आवाज येत होता. इदिंग कधी रिकाम्या हाताने फोनवर बोलत नसे.

"कांग, नवा मोडेम लावलास का?"

"लावला की. आला त्याच दिवशी."

"चालतोय?"

"चालतोय म्हणजे काय, पळतोय."

रुहियातच्या समोर सकाळची नोंद उघडी होती. पासिर कोनेंग, चार एफ, आणि पुढे जुना आखूड पत्ता. नवा मोडेम डबा फोडून लावला असेल, दिवा लागला नसेल, आणि इदिंगने तो परत डब्यात ठेवून जुनाच जोडला असेल. नव्या पत्त्यांचं जाळं त्या टेकडीवर पोचलेलंच नव्हतं. पण मोडेम घेऊन शहरातून एवढा माणूस आला, घरी बसून भात जेवला. त्याला 'चालत नाही' कसं सांगायचं. इदिंगने झालं म्हणून सही केली. त्या माणसाने वर तसंच कळवलं, वरच्याने विर्यांना. सगळ्यांनी सगळ्यांचा मान राखला.

"कांग, खरं सांग. मी इथून बदल केला तर जुन्याचं दार बंद होईल."

बादली खाली ठेवल्याचा आवाज आला.

"जांग," इदिंग म्हणाला. पोराला हाक मारावी तशी हाक तो अजून त्याला मारी. "तुझ्या बायकोने सांगितलं परवा. मोठा साहेब होणार म्हणे."

"त्याचा याच्याशी काय संबंध?"

"काही नाही. माझ्यापायी तुझं काम अडवू नकोस. इथे सगळं ठीक आहे."

"नक्की?"

"अरे, थोरला भाऊ सांगतोय ना."

रुहियातने फोन ठेवला. भाऊ खोटं बोलला हे त्याला कळलं होतं, आणि आपल्याला कळलंय हे भावालाही ठाऊक असणार. तरी दोघांच्या दृष्टीने आता गोष्ट ठरली होती.

एक उपाय होता. नव्या दाराशेजारी जुन्या पत्त्यांसाठी वेगळं छोटं दार काढायचं. त्याच क्रमांकावर, म्हणजे पोर्टवर, दोन्ही दारं राहू शकतात. नव्याचा ऑप्शन एकवर असला की ती एकमेकांच्या पायात येत नाहीत. त्याने ते लिहिलंही. लिहायला वेळ लागला नाही. चालवून पाहिलं, चाललं.

निनिंगने पडद्यावर पाहिलं. "ही खिडकी कोणासाठी?"

"आहे एकासाठी."

"तपासनीस पहिलं हेच शोधणार. जुन्या पत्त्यावरून टकटक करून बघणार, कोणी 'ओ' देतंय का. दिली की विर्या विचारणार, कोणी काढली. मग तुम्ही सांगणार, एक केंद्र राहिलंय. मग ते विचारणार, मीटिंगमध्ये सियाप कोण म्हणालं. सांगायचं तर आजच सांगा, कांग. उद्या उशीर होईल. मी येते हवं तर सोबत."

विर्यांची खोली तिथून दिसत होती. दार उघडंच होतं. रुहियात उठला, चालत गेला, आणि खोलीवरून पुढे होऊन पाण्याच्या पिंपाशी जाऊन एक ग्लास पाणी प्याला. परत येऊन त्याने खिडकी पुसून टाकली. निनिंगने खुर्ची वळवून घेतली.

हा ऑप्शन दाराला पत्ता बांधायच्या आधीच द्यावा लागतो. दार बांधून झालं की सर्व्हर बदल मानत नाही. म्हणून सर्व्हर पुरता थांबवून पुन्हा उठवावा लागला. दोन धारांच्या मधली भर दुपार होती, कोणाची गैरसोय नव्हती. शून्य खोडला, एक लिहिला. सर्व्हर उठला. रुहियात खाली गेला आणि गाडीवरचं भाताचं पुडकं घेऊन आला. ते त्याने सगळं खाल्लं. नंतर बायकोने विचारलं भाजी कसली होती, तर त्याला सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी नोंदी निर्मळ होत्या. एकही चार एफ नाही. रुहियातला वाटलं होतं, पासिर कोनेंगची टकटक कुठेतरी चूक म्हणून तरी उमटेल. तशी ती उमटत नाही. ज्या पत्त्यांसाठी दारच नाही त्यांना यंत्र खालच्या खालीच परतवतं. प्रोग्रामपर्यंत गोष्ट येतच नाही. तिकडे इदिंगच्या मशीनवर 'जोडणी नाकारली' असं आलं असेल. इकडे शांतता. केंद्रांच्या नकाशावर फक्त एक हिरवा ठिपका करडा झाला होता.

"तुमचा ठिपका," निनिंग म्हणाली.

"हं."

इदिंगचा फोन आला नाही. त्या दिवशी नाही, पुढेही नाही. रुहियातनेही केला नाही. ठिपका करडाच राहिला.

तपासनीस आला, नोंदी पाहून खूश झाला, विर्यांच्या खांद्यावर थाप मारून गेला. त्याच आठवड्यात सोसायटीचं पत्र आलं, आणि विर्यांनी रुहियातला खोलीत बोलावलं. खुर्चीबद्दल बोलून झालं, चहा झाला.

"हे एक केंद्र बघा," ते म्हणाले. "नवा मोडेम घेतला, सही केली, आणि आता मशीनच चालवत नाहीत. टँकर रोज रिकामा परततोय. सोसायटी म्हणते, बंद करून खालच्या केंद्रात घालतो. तुमच्याच भागातलं दिसतंय. ओळखता का कोणाला?"

"माझे थोरले भाऊ आहेत, पाक."

"अरे!" विर्यांना मनापासून वाईट वाटलं. "मग समजवा जरा त्यांना. माणसं नव्याला घाबरतात."

सांगण्याची जागा हीच होती. एका वाक्याचं काम होतं. रुहियातने ते वाक्य जुळवूनही पाहिलं. त्याची सुरुवात 'मला माहीत होतं' अशी होत होती. दुसरी कुठली सुरुवात बसेना.

"सियाप, पाक," तो म्हणाला.

ईदला तो गावी गेला. बायकापोरं पुढे, तो मागे. केंद्राच्या खोलीला कुलूप होतं, ओट्यावर कोणाच्या तरी मिरच्या वाळत होत्या. इदिंग आता पहाटे खालच्या केंद्रावर जाऊन दुसऱ्यांचे कॅन धुतो, हे वहिनीने जाता जाता सांगितलं, तक्रार नसलेल्या आवाजात. गावच्या लोकांना दूध उतार उतरून न्यावं लागतं. म्हातारीकोतारी जात नाहीत, त्यांचे कॅन इदिंग आपल्या मोटारसायकलला बांधून नेतो.

रीतीप्रमाणे रुहियात थोरल्या भावापुढे गुडघ्यावर बसला, त्याचे हात हातात घेऊन कपाळाला लावले. "दिसल्या-न दिसल्या सगळ्या चुकांची माफी असावी, कांग."

हे वाक्य त्या दिवशी सगळेच सगळ्यांना म्हणतात. कुठली चूक, कोणी विचारत नाही. विचारलं तर सणच मोडेल.

"माझ्याही," इदिंग म्हणाला. त्याच्या हातांना सोड्याचा वास होता, आणि बोटं थंड पाण्याने फुगल्यासारखी झाली होती.

मग पाहुणे आले. झावळीच्या पुडीत उकडलेला केतुपातचा भात वाटला गेला, चहा झाला. वरच्या आळीचा मांग कोमार, म्हणजे कोमारकाका, आला, हाडाचा भांडकुदळ. आपल्या गाईंचं दूध पहिले दोन-तीन दिवस चहाच्या मळ्यात ओतावं लागलं, हे तो विसरला नव्हता.

"हे बरं झालं, तू आलास," तो रुहियातला म्हणाला. "कॉम्प्युटरचा मोठा साहेब झालास म्हणे. मग सांग बाबा, आपलंच मशीन असं एका दिवसात कसं मेलं? खालच्यांची सगळी चालतात."

रुहियातने कप खाली ठेवला. खोलीतली माणसं त्याच्याकडे बघत होती, कौतुकानेच.

"त्याला काय विचारतोस," इदिंग म्हणाला. तो माशा वारत होता. "मी धुताना आत पाणी घातलं. माझीच चूक."

"तरी मी म्हणत होतो," मांग कोमार म्हणाला. "तुझ्या हाती मशीन द्यायलाच नको होतं."

"नकोच होतं," इदिंग म्हणाला, आणि त्याच्या पानात आणखी भात वाढला.

तर डेअरीला निर्मळ नोंदी मिळाल्या, पाक विर्यांकडे डेअरीचं काम टिकलं, रुहियातला पत्र्याखालची जागा. दूध गेलं गावाचं. केंद्र गेलं इदिंगचं, आणि त्या दुपारी, सगळं चुकतं झालं असं वाटत असताना, त्याने वर आपलं चांगलं नावही त्या हिशेबात भरलं. रुहियातने कप पुन्हा उचलला. चहा गोड होता, आणि तो संपेपर्यंत त्याने मान वर केली नाही.