सासऱ्यांचा नंबर

सिमची पेटी फ्रिजवर होती, वर भरतकामाचा रुमाल घातलेली. गल्लीतल्या तीसेक सभ्य माणसांची कार्डं तिच्यात बसवली होती. परदेशातली टोळी इंटरनेटवरून बोले आणि ऐकणाऱ्याच्या मोबाइलवर नंबर उमटे तो यांच्यापैकी कुणाचा तरी. कोण बोलतं, कुणाशी बोलतं, हे विचारायचं नाही, अशी गल्लीची रीतच पडली होती. कार्डाचं भाडं मात्र प्रत्येकाला वेळेवर लागे!

"आपण कुठे कुणाला लुबाडतोय? नुसती पेटी तर ठेवलीय," सुनेचा नवरा म्हणे. सून वीज नियंत्रण केंद्रात ऑपरेटर होती. तिला ते पटत नसे, तरी डबा उचलून ती मुकाट्याने कामावर जाई. चूक तिचीही होतीच.

सासूबाईंनी तर वारलेल्या यजमानांचं कार्डही दिलं होतं. "तेवढाच ह्यांचा नंबर चालू राहील गं."

त्या दुपारी केंद्रातल्या पडद्यावर सरहद्दीकडची उपकेंद्रं एकामागून एक बंद पडली. चौक्यांचा संपर्क तुटला आणि नेमका तेव्हाच पलीकडून हल्ला झाला. दोन जवान गेले.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. मुख्य कार्यालयाच्या नावाने आलेल्या फोनवर उपकेंद्रांच्या यंत्रणेचा पासवर्ड त्यांनीच सांगितला होता. उलट फोन करून खात्री करायचा नियम होता, तो त्यांनी गुंडाळून ठेवला. "नंबर इथलाच होता हो!" म्हणत त्यांनी मोबाइल सुनेपुढे धरला.

तो नंबर तिला पाठ होता. सासरे होते तेव्हा औषधाची आठवण करून द्यायला रोज दुपारी ती त्याच नंबरावर त्यांना फोन करायची. डबा उचलून ती तडक घरी निघाली.

घरी आली तर नवरा घाईघाईने पेटीतली कार्डं उपसत होता. "बातम्यांत त्या फोनचं आलंय. तू तोंड उघडायचं नाहीस. तुझी नोकरी जाईल, मी आत जाईन."

दारात शेजाऱ्यांची रांग लागली होती. "आमचं कार्ड तेवढं परत द्या." समोर टीव्हीवर एका जवानाची आई दिसत होती. तिच्याकडे एकानेही पाहिलं नाही. सुनेला या माणसांची शिसारी आली, आणि स्वतःचीही.

तिने पेटी ओढून घेतली. "मी पोलिसांत चाललेय."

"आई, सांग हिला! बाबांचं नाव पेपरात येईल!"

सासूबाई टीव्हीसमोरून उठल्या. "येऊ दे. त्यांच्या नावावर दोन पोरं मारलीत आपण. थांब गं, कार्ड मी दिलंय, सांगायलाही मीच येते."

त्या चपला घालू लागल्या तशी रांग बाजूला सरकली. मागून कुणीतरी पुटपुटलं, "काकू, आमचं नाव घेऊ नका हं."

"पहिलं माझं घेणार," सासूबाई म्हणाल्या, "दुसरं माझ्या मुलाचं. पुढे तुम्ही आहातच."