सीमाशौर्य दिनाची सुटी

कॉस्मे फर्नांडिस दर वर्षी फेब्रुवारीतल्या त्या तारखेला मालवणहून एसटीने आरोंद्याला जायचा. फौजेतला त्याचा जोडीदार गणपत नाईक त्याच तारखेला गेला होता. तीसेक वर्षं झाली त्याला. सीमेवरच्या चकमकीत त्यांच्या कंपनीने एक चौकी घेतली आणि त्याच दुपारी, वर रसद पोचवताना, गणपत कोसळत्या बर्फाखाली सापडला. त्याला उकरून काढणाऱ्यांत कॉस्मे होता. पुढे तो दर वर्षी गणपतच्या बायकोकडे, सावित्रीकडे जायचा. जेवायचा, विहिरीला पाणी किती, काजू कसा मोहरलाय ते विचारायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचा. त्याची बायको इझाबेल वारली, मुलगा मडगावला स्थायिक झाला, आणि मग वर्षातली ती एकच खेप अशी उरली, जेव्हा कुणी त्याची वाट बघत असे.

यंदा सरकारने त्या तारखेला ‘सीमाशौर्य दिन’ जाहीर केला. सुटी, घरोघरी झेंडा, कणकवलीत मोठा कार्यक्रम. मालवणात कुणाला त्याचं काही वाटलं नाही. होड्या पहाटे नेहमीसारख्या समुद्रात गेल्या. बँक बंद म्हणून मासळीबाजारात बायका सरकारच्या नावाने बोटं मोडत होत्या. रिक्षावाला भाई कॉस्मेला स्टँडवर सोडताना म्हणाला, “इतकी वर्सां कोणाक आठवण नाय. आता निवडणूक इली म्हणान शौर्य भायर पडला.”

कॉस्मेला ते पटलं. पदकं लावून कार्यक्रमाला या, असा फोन त्यालाही आला होता. त्याने खोकल्याचं निमित्त सांगितलं होतं.

आरोंद्यात सावित्रीच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या प्राजक्ताने सांगितलं, की सकाळी अचानक सरकारी गाडी आली आणि काकींना कणकवलीला घेऊन गेली. कॉस्मे आले तर त्यांना बसव, एवढंच काकी तिला सांगून गेल्या होत्या. प्राजक्ता जेवायला बोलावत होती, पण कॉस्मे नको म्हणाला. तो पडवीतल्या बाकावर बसून राहिला. खाडीवरून वारा येत होता. त्याला राग आला होता, पण तो नेमका कुणाचा ते त्याला सांगता आलं नसतं. वर्षातला एक दिवस त्याचा होता आणि तोही सरकारने उचलून नेला होता.

चार वाजायच्या सुमारास सावित्री आली. अंगावर नवी शाल, हातात नारळ. तिने कुलूप काढलं, घाईघाईने सकाळची भाकरी आणि तिसऱ्या शिंपल्यांचं सुकं दोघांना वाढलं आणि समोर बसली. कार्यक्रमाचं तिने आपणहून सांगितलं. खुर्च्या निम्म्याहून अधिक रिकाम्या होत्या. शाळेच्या मुलांना आणून उन्हात बसवलं होतं. पाहुणे फार उशिरा आले.

“तुमी कशाक गेलात, वयनी?” कॉस्मेने विचारलं. “तेंका फोटो होयो असता, दुसरा काय नाय.”

“माका म्हायत नाय काय?” सावित्री म्हणाली. मग तिने पुढचं सांगितलं. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने तिच्यापुढे माइक धरला होता. आजी, त्या दिवसाबद्दल सांगा, असं ती म्हणाली होती. सावित्रीने सुरुवात केली आणि दोन वाक्यांतच त्या मुलीने माइक हळूच काढून घेतला. लगेच गाणं लागलं.

“असा काय सांगलात?”

“खरा ता सांगलंय. त्या दिवसा मी जत्रेक गेल्लंय.” ती ताटाकडे बघत बोलत होती. “तो थंय बर्फात, आणि मी हंय बांगड्यो भरीत होतंय. हसत होतंय. खबर मागसून इली.”

कॉस्मेने घास ताटात परत ठेवला.

“तुमी दर वर्सा येतात,” सावित्री म्हणाली. “पाणी इचारतात, काजू इचारतात. ह्या कधी इचारलात नाय. पयल्यांदा इचारल्यान ता त्या चेडवान.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळे ते त्याला जास्त लागलं. तिला दुखू नये म्हणून आपण गप्प राहतो, असं तो इतकी वर्षं समजत आला होता. काहीतरी बोलायला हवं होतं. शेवटी त्याला सकाळची आठवण आली, गणपतच्या त्या शेवटच्या सकाळची.

“तोय बरो होतो त्या दिवसा,” तो म्हणाला. “सकाळी माझ्या ताटातली लोणच्याची फोड पळवल्यान आणि तोच पोटभर हसलो.”

सावित्रीने मान वर केली. हे तिने कधीच ऐकलं नव्हतं. “कसला लोणचा?” तिने विचारलं. आंब्याचं, तो म्हणाला, तुम्हीच बरणी भरून दिलेलं. मग ती आणखी विचारत गेली आणि तो सांगत गेला. संध्याकाळची गाडी जवळ आली तरी दोघं ताटांवरून उठली नव्हती.

निघताना ती म्हणाली, की पुढच्या वर्षीही गाडी पाठवणार आहेत आणि ती जाणार आहे. माइक मिळाला की पुन्हा जत्रेपासूनच सुरू करणार आहे.

“परत माइक काढून घेतीत,” कॉस्मे म्हणाला.

“घेवंदेत.”

तो चपला घालत थोडा थांबला. “मी येतंय थंय. फुडच्या खुर्चीत बसतंय.”

“बसा,” ती म्हणाली. “पण टाळये वाजव नकात.”

गाडीत तो सोडून दोघंच उतारू होते. मालवणला पोचेपर्यंत सुटीचा दिवस मावळला होता. नाक्यावर मंडपवाला झेंड्यांच्या माळा उतरवत होता. घरी कुणी विचारणारं नव्हतं, तरी कॉस्मे भराभर पाय उचलत घराकडे चालू लागला.