चार चिंचोके

बोरतळवाडीच्या फाट्यावरचा फळा मंगल रोज सकाळी सातला लिहायची आणि सव्वासातला सगळं गाव तो वाचायचं. ज्याला वाचता येत नसे तो वाचणाऱ्याच्या तोंडाकडं बघत उभा राहायचा. कोण वारलं, माती किती वाजता, लाईट कधी जाणार, चकलांब्याची गाडी बंद आहे का. मोबाईल आता घरोघरी आलेत, पण मोबाईलवर माणूस सकाळी मरतो आणि दुपारी जिवंत होतो. फळ्यावर एकदा मेलेला माणूस मेलेलाच राहायचा. मंगलचे नियम दोनच होते. स्वतः बघितल्याशिवाय लिहायचं नाही, आणि कुणी सांगितलं ते मरेपर्यंत सांगायचं नाही.

बारावी झालेली ही बाई सहा वर्षं नवऱ्याबरोबर, अजिनाथबरोबर, उसाच्या फडात राबली होती. भाकरी बांधून आलेला पेपरचा तुकडासुद्धा ती वाचून मगच फेकायची. गावात परत राहायला आल्यावर तिनं हा फळा धरला. पुढं बीडच्या एका दैनिकानं तिला वार्ताहर केलं आणि बातमीखाली तिचं नाव छापून यायला लागलं. पहिल्या बातमीचं कात्रण अजिनाथनं देवाच्या फोटोशेजारी चिकटवलं होतं.

एप्रिलात विहिरी आटल्या आणि टँकर सुरू झाला. टँकरच्या वहीत रोज चार खेपा, गावात मात्र दोन. हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. उरलेल्या दोन जातात कुठं, हे विचारायला मात्र कुणाची जीभ रेटत नव्हती. कारण गावात पान हलायचं तर पुढारी अर्जुनरावांना विचारून हलायचं, आणि गावात मोसंबीची बाग एकट्या अर्जुनरावांची होती.

एका दुपारी अर्जुनरावांची आई, छबुबाई, मंगलच्या ओट्यावर येऊन टेकली. तिनं पदराची गाठ सोडली आणि चौदा चिंचोके मंगलपुढं ओतले.

"म्या वासरू घिऊन मळ्यात बसते. टँकर आला की एक चिंचोका गाठीला बांधते. सात दिसाचे हे एवढे झाले. सगळे मपल्याच लेकाच्या शेततळ्यात ओतले बघ."

"आजी, हे मी लिहिलं तर?"

"लिही की. कशाला आले मग मी? पण माझं नाव नको घिऊ. त्याच्याच दारात म्हातारपण काढायचंय."

मंगलनं तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला. मग दोन दिवस ती पऱ्हाट्यांच्या गंजीमागं बसली, शेततळ्यावर ओतणाऱ्या टँकरचे फोटो काढले आणि तिसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं: "टँकरच्या खेपा चार. गावात दोन. मोसंबीच्या शेततळ्यात दोन." दुसऱ्या दिवशी तेच फोटोसकट बीडच्या पेपरात आलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी फळ्याचे चार तुकडे रस्त्यात पडलेले होते. दुपारी दोघांनी मंगलची स्कूटी अडवली, तिचा मोबाईल दगडावर आपटला, आणि खंडणी मागितल्याची तक्रार तिच्या नावानं तयार आहे, फक्त ठाण्यात द्यायची बाकी आहे, असं सांगून गेले. घरी येऊन ती चुलीपाशी बसली. खोटं कशाला सांगा, ती भ्याली होती. भाकरी थापताना दोनदा पीठ सांडलं. अजिनाथ म्हणाला, "सोड म्हणलं तर सोडशील का?" तिनं नाही म्हणून मान हलवली. "मग इचारूनच उपेग न्हाई," म्हणून त्यानं तवा तिच्याकडं सरकवला.

अर्जुनरावांना मंगलपेक्षा सांगणारा जास्त सलत होता. टँकरवाला? बागेचा गडी? त्यांनी मंगलला बोलावून घेतलं. "नाव सांग. तक्रार फाडतो, नवा लोखंडी फळा देतो."

"दादा, फळा तुमचा झाला तर त्यावर बातमी कुणाची लिहायची? नाव मिळणार न्हाई."

तेव्हा अर्जुनरावांनी सोमवारी सकाळी सगळ्या गावाला महादेवाच्या मंदिरात बोलावलं. पिंडीपुढं ताटात बेलाचं पान आणि भंडारा ठेवला. ज्यानं सांगितलं नसेल त्यानं बेलभंडार उचलायचा. बोरतळवाडीचा माणूस साहेबापुढं खोटं बोलेल, सासूपुढं बोलेल, पण महादेवाचा बेलभंडार हातात घेऊन खोटं बोलणार नाही. डाव पक्का होता. पण माणसाला मोठेपणा मिरवायची खोड असली की तो आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतो.

"उद्या कुणी म्हणायला नको की अर्जुनरावानं आपलं घर झाकलं," छाती पुढं काढून ते म्हणाले. "सुरुवात माझ्याच घरापासून. आये, ये. उचल."

म्हातारीनं उचललं तर उभ्या जन्माचं पुण्य पाण्यात, आणि नाही उचललं तर मंगलनं दिलेला शब्द गेला. आजीला उचलायला लावू नका, एवढं बोलली तरी सगळ्यांना कळणार. मंगल उठली.

"थांबा दादा. कुणालाच शपथ घालू नका. फळा मी सोडते. पेपरही सोडते. तुमची तक्रार द्या ठाण्यात."

अर्जुनराव हसले. "आन् नाव?"

"फळा घ्या. नाव न्हाई."

"खाली बस गं पोरी," छबुबाई म्हणाली. काठी टेकत ती ताटापाशी गेली. बेलाला हात लावला नाही. पदराची गाठ सोडली आणि भंडाऱ्यावर चिंचोक्यांचा ढीग ओतला. "म्या सांगितलं. आता ह्ये सव्वीस झालेत. पेपरात आल्यावरबी तुझा टँकर मळ्यात यायचा थांबला न्हाई, अर्जुना."

अर्जुनराव दोन पावलं पुढं आले.

"आये, लोकांसमोर..."

"लोकांसमोरच. चोरून करायला तू हाइस की. बाहत्तरच्या दुष्काळात तू झालास. घरात थेंब नव्हता. गल्लीतल्या बायांनी एकेक तांब्या आणला तवा तुला पहिली आंघोळ मिळाली. त्यांच्याच सुनांच्या घागरी तू मोसंबीला पाजायलास!"

मागून सुंदरबाई उठली, छबुबाईच्याच वयाची. "त्यातला एक तांब्या मपला व्हता," ती म्हणाली. मग दुसरी उठली, तिच्या सासूचा तांब्या होता. मग बायाच बाया उठल्या. पुरुषांना उठायला जरा वेळ लागला, तो नेहमीच लागतो, पण तेही उठले. ज्या दोघांनी स्कूटी अडवली होती ते चपला हातात घेऊन मागच्या दारानं कधी सटकले ते कळलंही नाही.

अर्जुनराव खाली बसले. ती तक्रार त्यांच्या खिशातच होती. छबुबाईनं नुसता हात पुढं केला. त्यांनी कागद काढून दिला आणि तिनं तो वाचता येत नसूनही नीट निरखून मग फाडला.

"आता फळा. घर मपल्या नावावर हाय ना? रस्त्याकडची कंपाऊंडची भिंत काळी करून दे. मंगल तिथं लिहील. आन् पोरीचा मोबाईल नवा आण."

मंगलला हसू येत होतं आणि डोळेही भरत होते. तिनं दोन्ही होऊ दिलं.

बुधवारी सकाळी सातला तिनं त्या भिंतीवर पहिल्यांदा खडू टेकवला. घागरी घेतलेल्या बाया थांबल्या. अजिनाथ उगाचच रस्त्यावर उभा होता, छाती फुगवून. दात घासत अर्जुनराव गेटपाशी आले आणि भिंत बघून परत वळले.

"अर्जुना," ओट्यावरून छबुबाईनं हाक मारली, "मला वाचता येत न्हाई रं. काय लिहिलंय ते सांग."

"आये, नंतर..."

"आत्ता. मोठ्यानं. मला ऐकू कमी येतं."

तिचे कान सशाचे होते, हे सगळ्या गावाला माहीत होतं. अर्जुनरावांनी तोंड पुसलं, भिंतीकडं बघितलं आणि घसा खाकरून वाचलं:

"काल टँकरच्या खेपा चार. गावात चार. मोसंबीच्या शेततळ्यात एकही नाही. वार्ताहर, मंगल."

छबुबाईनं पदराची गाठ सोडली. काल गावात आलेल्या खेपांचे चार चिंचोके तळहातावर घेऊन एकेक करून मोजले.

"जुळतंय," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे लिहिलेलं."