मागच्या कप्प्यातलं पत्र

मित्रांनो, एका पत्राला पाच महिने उत्तर गेलं नाही. ते पत्र सारा वेळ माझ्याच मागच्या कप्प्यात होतं, म्हणून थोडा दोष माझाही असावा.

मी पत्रं ठेवायचा एक जुना लाकडी स्टँड आहे. इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या नॉरिस सगडन नावाच्या सुताराने प्रार्थनाघरातल्या मोडक्या बाकातून मला घडवलं आणि लग्नाच्या पहिल्या वाढदिवशी बायकोला, एडनाला दिलं. माझा एक पाय आखूड राहिला. "म्हणे सुतार!" म्हणत एडना खूप हसली, पण पाहुण्यांसमोर माझंच कौतुक करायची. शेकोटीवरच्या फळीवर मी उभा असे. नाताळात माझे तिन्ही कप्पे शुभेच्छापत्रांनी फुगत. प्रत्येक पत्र मी वाचायचो; मला दुसरं येतं तरी काय? पुढे पत्रं आटली आणि माझ्यावर धूळ बसली.

मग नॉरिसला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं, घासागणिक ठसका लागू लागला. ऐंशी वर्षांची एडना दुखऱ्या खुब्याने त्याला एकटी उठवायची, बसवायची. सरकारी तपासणीत त्याच्या गरजा पुरेशा मोठ्या ठरल्या, तर सरकारी खर्चाने घरी रोज मदतीला माणसं येणार होती. नाहीतर आज ना उद्या नॉरिसला घर सोडावं लागणार होतं.

तपासणीसाठी नर्स येणार त्या दिवशी एडना पहाटेच उठली. तिने काचा पुसल्या, केक भाजला, नॉरिसला टाय बांधला. कोपऱ्यातल्या कमोडच्या खुर्चीवर फळी ठेवली, भरतकामाचा टेबलक्लॉथ घातला आणि वर फुलदाणी.

"कसं चाललंय?" नर्सने विचारलं.

"छान, सिस्टर. तक्रार कसली करायची?"

"जेवताना ठसका लागतो?"

"कधीतरी. केक घ्या ना!"

त्याच सकाळी नॉरिस ठसक्याने निळा पडला होता. मी शेकोटीवरच्या फळीवरून पाहत होतो, पण बोलणार कसा? नर्सने चहाचा कप फुलदाणीशेजारी ठेवला, तेव्हा नॉरिसने डोळे घट्ट मिटून घेतले.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. नॉरिसच्या गरजा पुरेशा नाहीत. निर्णय मान्य नसेल तर सहा महिन्यांत लिहून कळवावं. एडनाने ते दोनदा वाचलं आणि माझ्या मागच्या कप्प्यात, बियाण्यांच्या कॅटलॉगमागे, खोचलं. तिचा खुबा मात्र दिवसेंदिवस वाईट होत गेला.

पाचव्या महिन्यात शेजारची ग्लेनिस तो कॅटलॉग न्यायला आली. तिने तो ओढला आणि मी धाडकन खाली आलो. मुद्दाम पडलो की आखूड पायाने दगा दिला, हे मलाही नक्की सांगता येणार नाही. पत्र तिच्या पायाशी पडलं.

"एडना! हे काय गं?" वाचून तिने कपाळावर हात मारला. "तू नर्सला तपासायला बोलावलं होतंस की मुलगी दाखवायला?"

"घर घाण दिसलं असतं तर बरं होतं का?" एडना पुटपुटली. "लोक काय म्हणतील, ग्लेनिस?"

"लोक उचलतात का त्याला रोज?"

तेवढ्यात नॉरिस खुर्चीतून एकेक शब्द जोडत बोलला, "कमोडवर... चहा ठेवला... तिने. तासभर... अडवून... बसलो होतो मी."

तिघंही अशी हसली, की एडनाला डोळे पुसावे लागले. ते पाणी नुसत्या हसण्याचं नव्हतं.

"खरं... लिही," नॉरिस म्हणाला.

एडना टेबलाशी बसली. दिवसाला किती ठसके, किती वेळा उचलणं, आंघोळीत दोनदा पडणं, सगळं लिहिलं. "आता मला एकटीला जमत नाही," हे वाक्य तिने तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा तसंच ठेवलं.

मित्रांनो, मी साधा लाकडाचा तुकडा, उपदेश करणारा कोण? तरी मदतीला आलेल्या माणसाने विचारपूस केली, तर टेबलक्लॉथ बाजूला करून सांगा. आणि माझ्यासारख्यांचा मागचा कप्पाही अधूनमधून झाडत चला.

माझ्या फळीवरून खिडकीबाहेर रस्त्यापलीकडची लाल टपालपेटी दिसते. एडना काठी टेकत तिथवर गेली. पाकीट आत सोडलं, मग ते खरंच पडलं ना, म्हणून मनगटापर्यंत हात घालून चाचपलं.

"गेलं?" खिडकीशी बसलेल्या नॉरिसने काचेआडून मान हलवून विचारलं.

पलीकडून एडनाने दोन्ही रिकामे हात वर करून दाखवले.