कपाटामागची भिंत

घर विकायला काढून आठ महिने झाले. नवरा दोन वर्षांपासून दुसऱ्या शहरात नोकरीला आहे. महिन्यातून एकदा येतो, तेव्हा लेक दारातच विचारते, "बाबा, या वेळी किती दिवस?" घर गेलं की आम्ही सगळे तिकडे. नाही गेलं, तर मी आहेच इथे भिंतींची तोंडं बघत.

आणि आडवा आला तो एक फॉर्म! विकणाऱ्याने घरातले माहीत असलेले दोष लिहून द्यायचे, असा कायदा आहे. सातवा प्रश्न: भिंतीला तडा आहे का, असल्यास कधीपासून माहीत आहे?

आहे. आतल्या खोलीत, लोखंडी कपाटामागे. सासरे टेलर, उभा जन्म मापं घेण्यात गेला. दरवर्षी कपाट सरकवून ते टेपने तडा मोजतात आणि बाजूला खडूने माप नि तारीख लिहून ठेवतात. गिऱ्हाइकाच्या पोरासारखा तो दरवर्षी वाढतोच. आम्हाला काही माहीतच नव्हतं, असं म्हणायचीही सोय त्यांनी ठेवली नाही. मला त्यांचा असा राग येतो!

एजंट म्हणाला, "वहिनी, खडू पुसा, 'नाही' लिहा आणि कपाट घेणाऱ्यांना भेट देऊन टाका. कोण सरकवून बघतंय?"

घर सासऱ्यांच्या नावावर. ते एवढंच म्हणाले, "तू लिही, मी सही करतो. संसार तुझा आहे."

म्हणजे सगळं माझ्याच गळ्यात. मी ओल्या फडक्याने तेरा तारखा पुसल्या आणि 'नाही' लिहिलं.

आज घेणारे नवरा-बायको आले. सगळं पसंत पडलं. सासऱ्यांनी सहीसाठी पेन उघडलं, तेवढ्यात ती बाई कपाटावर हात फिरवत म्हणाली, "हे खरंच आमच्यासाठी ठेवणार? मन मोठं आहे हो तुमचं!"

हे घर घेतलं तेव्हा मी नवी नवरी होते. याच जागी उभी राहून जुन्या मालकिणीला मी हेच म्हटलं होतं. कपाट तिनेच ठेवलं होतं.

मी सासऱ्यांच्या पुढ्यातून फॉर्म ओढला. एजंट डोळे वटारत होता. 'नाही' खोडून 'आहे, तेरा वर्षांपासून' असं लिहिलं. आता लेकीला काय सांगू, या विचाराने रडूच फुटलं.

"बाबा," मी सासऱ्यांना म्हटलं, "जरा कपाट सरकवायला या."

सासरे उठले, गळ्यातली टेप काढली.

"चल," ते म्हणाले, "यंदाचं माप राहिलंच होतं."